अर्ली ॲक्सेस संपायच्या आदल्या रात्री: एका गेमच्या इन्स्टॉलर बॅकअपची केस

गेमचं, स्टुडिओचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये. नावाने काही फरकही पडत नाही, कारण हे कुठल्याही अर्ली ॲक्सेस गेमबद्दल होऊ शकतं. बाकी जसं घडलं तसं लिहिलंय, आमच्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

माझा मावसभाऊ सांगलीत राहतो, मेडिकलचं दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर ओढलं की जेवण आणि मग पोरीबरोबर तासभर गेम, हे गेली दोन वर्षं चालू आहे. पोरगी सहावीत. गेम गाव वसवायचा, नदी, शेतं, रस्ते, माणसं आपापली कामं करत फिरतात, आणि भाऊ तसा मारामारीच्या गेमचा माणूस पण पोरीमुळे यात अडकला. घेतला तेव्हा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये होता, म्हणजे अर्धवट झालेला गेम पैसे देऊन आधी घ्यायचा आणि तो पूर्ण होत जाईल तसा खेळत राहायचा. स्टीमने हा प्रकार २०१३ मध्ये सुरू केला, आता सगळीकडेच आहे. भावाने मात्र डीआरएम (म्हणजे गेमला घातलेलं डिजिटल कुलूप) नसलेल्या ऑनलाईन दुकानातून घेतलेला, जिथे गेमचा पूर्ण इन्स्टॉलर फाईल म्हणून उतरवून घेता येतो आणि नंतर नेट नसलं, दुकान बंद पडलं तरी तो चालतो.

त्या दोन वर्षांत पोरीने जे गाव उभं केलं त्यात नदीवर एक दगडी कमानींचा पूल आहे, सरळसरळ आपल्या सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर बेतलेला. मूळ गेममध्ये फक्त लाकडी पूल होते म्हणून त्यासाठी तिने एक मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांपैकीच कोणीतरी बनवलेली जास्तीची भर, शोधून टाकला होता. पुलाचं नाव आज्जीचा पूल. माझी मावशी पावसाळ्यात रोज आयर्विनवर पाणी बघायला जायची, पाणी चाळीस फुटाला इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ आहे. मावशी आता नाही.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो कारण पुढे लागणार आहे. २०१९ च्या पुरात आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा भावाच्या दुकानात छातीभर पाणी होतं. कॉम्प्युटर वेळेत वर हलवला, कपाटातली हार्ड डिस्क मात्र राहिली आणि त्यात लग्नाचे फोटो होते. त्यामुळे बॅकअप हा शब्द त्याला समजावून सांगावा लागत नाही.

अडचण काय होती

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी स्टुडिओने जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात गुरुवारी १.० येणार, फुल रिलीज. नकाशाची सगळी यंत्रणा नव्याने लिहिलीय, सबब जुने सेव्ह, म्हणजे आतापर्यंत साठवलेला खेळ, उघडणार नाहीत. असं करणारे ते काही पहिले नाहीत. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला, ऑगस्ट २०२३ ला पूर्ण झाला, आणि त्याचेही आधीचे सेव्ह पुढे चालले नाहीत. स्टुडिओच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, जुन्या सेव्हचं ओझं घेऊन नवीन गेम होत नाही. पण पोरीला हे कोण सांगणार.

भावाचा मला फोन आला. "आरं ते जुनं व्हर्जन ठिवून घेता येतंय का? नवीन बी खेळू, पण हे जाऊ द्यायचं नाही."

म्हणजे अडचण दोन पदरी होती. एक, दुकानाच्या लायब्ररीत साधारणपणे चालू व्हर्जनचाच इन्स्टॉलर ठेवतात, १.० चढलं की जुना उतरणार. दोन, नुसता जुना इन्स्टॉलर असून भागत नाही, त्यात हे गाव उघडलं पाहिजे. दुसरा पदर आमच्या लक्षात फार उशिरा आला, सगळा गोंधळ तिथेच झाला.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, काहीच न करता इन्स्टॉल झालेला गेम तसाच ठेवायचा आणि ऑटो अपडेट बंद करायचं. भावाला हाच आवडलेला कारण यात काही उतरवायला नको. माझं म्हणणं होतं की ही सेटिंग एका क्लिकवर अवलंबून असते आणि घरात क्लिक करणारे तिघं आहेत. शिवाय विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की संपलं. (स्टीमवर तर अपडेट कायमचं बंद करायची सोयच नाही, फार तर गेम चालू करेपर्यंत पुढे ढकलता येतं.)

दुसरा, दुकानाच्या ॲपमधून जुन्या व्हर्जनवर मागे जायची सोय असते ती वापरायची. सोय चांगली आहे, पण किती मागचं ठेवायचं आणि कधीपर्यंत हे तिकडे ठरतं, आपल्या हातात नाही. त्याला बॅकअप म्हणायचं तर बँकेने दिलेल्या ओव्हरड्राफ्टला बचत म्हणायला पाहिजे.

तिसरा, स्टुडिओलाच मेल टाकायचा की जुनं व्हर्जन कुठेतरी ठेवा. काहीजण ठेवतात. फॅक्टोरिओवाले त्यांच्या साईटवर जुनी व्हर्जनं ठेवतात, गेम ज्याने विकत घेतलाय त्याने लॉगिन करून उतरवावीत. मेल आम्ही टाकला. उत्तर आलं, सभ्य होतं, पण रिलीज होऊन चार दिवसांनी.

चौथा, ऑफलाईन इन्स्टॉलर आत्ताच उतरवून आपल्याकडे ठेवायचा. हाच धरला.

चौथाच का धरला, तर वेळेमुळे. आपल्याला वाटतं गुरुवार म्हणजे गुरुवार रात्र. पण हे लोक दुसऱ्या टाईमझोनमध्ये बसतात, आणि तारीख अलीकडेही येऊ शकते. फॅक्टोरिओचंच उदाहरण, १.० सप्टेंबर २०२० मध्ये ठरलेलं आणि दुसरा एक मोठा गेम जवळपास येतोय म्हणून १४ ऑगस्टला आणलं. सांगायचा मुद्दा, नऊ दिवस आहेत म्हणून नऊ दिवस धरायचे नाहीत.

शनिवार ते मंगळवार: भावाने काय केलं

शनिवारी भावाने आधी स्वतःच्या डोक्याने इन्स्टॉल झालेलं फोल्डर झिप केलं, चौदा जीबीची एक फाईल झाली, आणि ती ३२ जीबीच्या पेन ड्राईव्हवर टाकायला गेला तर विंडोज म्हणे फाईल फार मोठी आहे. पेन ड्राईव्ह तर रिकामा. मला वैतागून फोन, "बत्तीसमधी चौदा मावंना व्हय?" पेन ड्राईव्ह फॅट३२ फॉरमॅटचा होता आणि फॅट३२ मध्ये एक फाईल चार जीबीच्या आतच असावी लागते, जागा किती का शिल्लक असेना. इन्स्टॉलरचे तुकडे चार जीबीच्या आत का असतात याचं एक कारण हेच.

रविवारी रात्री त्याने दुकानाच्या पानावरून इन्स्टॉलर उतरवायला घेतला. व्हर्जन ०.९.४, एकूण चार फाईली, एक छोटी ईएक्सई आणि तीन बिन, त्यातल्या पहिल्या दोन जवळपास चार चार जीबीच्या आणि तिसरी पावणेदोनची. दोन बिन उतरल्या आणि तिसरी चालू असताना लाईट गेली. पाऊस होता, लाईट सकाळी आली. सोमवारी दुकानात माल आला म्हणून राहिलं. मंगळवारी त्याने उरलेली तिसरी फाईल उतरवली, चारही पेन ड्राईव्हवर टाकल्या आणि मला मेसेज केला, "झालं काम."

मी अंगठा दाखवला. ही माझी चूक. त्याने काय उतरवलं हे मी विचारलंच नाही, एक स्क्रीनशॉट मागितला असता तरी दिसलं असतं.

बुधवार रात्र

मला बुधवारी कामासाठी मिरजेला जायचंच होतं, मुक्काम भावाकडे. जेवणं झाल्यावर म्हटलं एकदा लावून बघू. भावाचा जुना लॅपटॉप काढला, त्यावर हा गेम कधीच नव्हता, वायफाय बंद केलं, चारही फाईली टाकल्या आणि ईएक्सई चालवली. पट्टी ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेली आणि खिडकी आली की डिस्क ३ घाला आणि ओके दाबा.

पोरगी म्हणाली, "काका, डिस्क म्हणजे?" तिने आयुष्यात सीडी घातलेली नाही.

हे इन्स्टॉलर इनो सेटअप नावाच्या टूलने बनवलेले असतात आणि त्यात तो जुना सीडीच्या काळातला मजकूर अजून आहे. त्याला पुढची बिन फाईल सापडली नाही की तो डिस्क मागतो. पण फाईल तर समोर होती. मग नावं नीट वाचली. ईएक्सई आणि पहिल्या दोन बिनच्या नावात ०.९.४, आणि तिसरीच्या नावात ०.९.५. सोमवारी स्टुडिओने एक छोटा फिक्स, म्हणजे दुरुस्ती, सोडला होता, दुकानाने लगेच इन्स्टॉलर बदलला होता, आणि भावाने मंगळवारी जी उरलेली फाईल उतरवली ती नवीन संचातली. फाईली चार, आकारही जवळपास बरोबर, पण संच दोन.

भाऊ म्हणाला नाव बदलून बघू की. बदललं. या वेळी डिस्क मागितली नाही, सरळ सांगितलं की मूळ फाईल खराब आहे. ते बरंच झालं म्हणायचं, अर्धवट लागून नंतर कधीतरी बंद पडला असता तर जास्त त्रास झाला असता.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण आला. ०.९.४ पूर्ण करायची तर तिसरी फाईल आता कुठेच नाही, मग ०.९.५ सगळी पहिल्यापासून उतरवायची का? भावाला जिवावर आलेलं, रात्रीचे दहा वाजलेले, बाहेर पाऊस, एक दोन फिक्सने काय फरक पडतो, कोणाकडून तरी ती जुनी फाईल मिळते का बघू असं त्याचं म्हणणं. मी पोरीला विचारलं तू शेवटचं कधी खेळलीस. काल. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर गेम आपोआप ०.९.५ झालेला होता आणि तिचं गाव आता ०.९.५ मध्ये सेव्ह झालेलं होतं. नव्या व्हर्जनचा सेव्ह जुन्यात उघडेल याची खात्री नाही, बहुतेक गेम नाहीच उघडत, आणि रविवारच्या सेव्हची कॉपी कोणी ठेवली नव्हती. म्हणजे ०.९.४ मिळूनही ती आमच्या कामाची नव्हती. वाद तिथेच संपला.

आता लाईट. कॉम्प्युटरला यूपीएस नाही, राऊटर इन्व्हर्टरवर आहे. म्हणून डाऊनलोड लॅपटॉपवरच लावला, त्याची बॅटरी दीड तास टिकते. सव्वादहाला चालू केलं. कनेक्शन शंभर एमबीपीएसचं पण दुकानाकडून सेकंदाला चारेक एमबीच मिळत होते, त्या हिशोबाने पावणेदहा जीबीला चाळीस मिनिटं, लागली पन्नास. मध्ये एकदा लाईट पाच मिनिटं गेली आणि आम्ही तिघं अंधारात टक्केवारी बघत बसलो.

उतरल्यावर आधी चारही नावांत एकच व्हर्जन आणि एकच बिल्ड नंबर आहे ना ते पाहिलं. मग पेन ड्राईव्हवर कॉपी करून दोन्हीकडचा हॅश, म्हणजे फाईलचा बोटाच्या ठशासारखा ठसा, काढला. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासूनच असते, फाईलचं नाव आणि एसएचए२५६ सांगितलं की चौसष्ट अक्षरांची एक ओळ देते, एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ओळ वेगळी. भावाने मोठ्याने वाचायची आणि पोरीने ताडून बघायचं. पण हॅश जुळला म्हणजे फक्त कॉपी नीट झाली, पहिली फाईलच खराब उतरली असेल तर खराबाचीच तंतोतंत कॉपी झाली. काही दुकानं चेकसम, म्हणजे मूळ फाईलचा असाच ठसा, देतात, तिथे ताडून बघता येतं. नसेल तर लावून बघणं हाच उपाय. ईएक्सईवर डिजिटल सही असते, प्रॉपर्टीजमध्ये दिसते, पण ती बिन फाईलींबद्दल काही सांगत नाही.

वायफाय बंद करून पुन्हा लावला. या वेळी शंभर टक्के. गेम उघडला. आता सेव्ह. घरच्या कॉम्प्युटरवर तो ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात होता, सापडायलाच दहा मिनिटं गेली. अडतीस एमबी. लॅपटॉपवर आणून गाव उघडलं.

गाव आलं. शेतं आली, देऊळ आलं, घाट आला. पूल नव्हता. नदीच्या दोन्ही काठांवर रस्ता तुटलेला आणि बैलगाड्या एकामागे एक उभ्या, माणसं नुसती पाण्याकडे तोंड करून. पोरीचा चेहरा असा झाला की भावाने लॅपटॉप अर्धा मिटलाच.

मॉड. पुलाचा मॉड इन्स्टॉलरमध्ये नसतो आणि सेव्हमध्येही नसतो, तो वेगळ्या फोल्डरमध्ये बसतो. सेव्हमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं असतं की इथे अमुक वस्तू आहे, आणि ती वस्तू सापडली नाही की गेम ती गुपचूप वगळतो. इथे मी एकच काम वेळेत केलं, या अवस्थेत कोणालाही सेव्ह दाबू दिलं नाही, नाहीतर पूल नसलेलं गावच कायम झालं असतं. सेव्हची मूळ कॉपी हलवली नव्हती म्हणून तसं झालं असतं तरी वाचलो असतो, पण अकरा वाजून गेल्यावर कोण काय दाबेल सांगता येत नाही. मॉडचं फोल्डर आणलं, दोनशे दहा एमबी, पुन्हा उघडलं. पूल आला, बैलगाड्या हलल्या.

झोपायला एक वाजला. झोपण्यापूर्वी घरच्या कॉम्प्युटरवर या गेमचं क्लाउड सेव्ह, म्हणजे सेव्ह आपोआप नेटवर साठवायची सोय, बंद केलं, कारण उद्या १.० आलं की ते जुन्या सेव्हचं काय करेल ते माहीत नव्हतं.

निकाल

गुरुवारी दुपारी चारलाच दुकानाच्या पानावर १.० दिसायला लागलं, जाहीर वेळेच्या आधी. ०.९.५ चा मागमूस नाही. नवीन इन्स्टॉलर एकवीस जीबीचा. भावाने रात्री उतरवायचं म्हणून ठेवलं असतं तर संपलं होतं.

आता एक फोल्डर आहे, नाव "०.९.५ आज्जीचा पूल". आत चार इन्स्टॉलर फाईली, सेव्ह, मॉड, आणि एक टेक्स्ट फाईल ज्यात तारीख, चारही हॅश, आणि सेव्ह व मॉड कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचे तो पत्ता. टेक्स्ट फाईल पोरीने लिहिली, म्हणून त्यात "पूल दिसेपर्यंत सेव्ह करू नये" असंही आहे. एक कॉपी घरी पेन ड्राईव्हवर, एक लॅपटॉपमध्ये आणि एक माझ्याकडे पुण्यात हार्ड डिस्कवर. तीन कॉपी, दोन प्रकारची साधनं, एक घराबाहेर, हा जुना हिशोब आहे. पण पुण्याची कॉपी त्या नियमामुळे नाही झाली. भाऊच म्हणाला, "एक तू ने. हितं पाणी येतंय."

शेजारच्या मुलाला पण हवं होतं. नाही म्हटलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ खाली ज्याच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीरपणे आहे त्याला नुकसानीपासून वाचवायला बॅकअप कॉपी ठेवता येते. शेजाऱ्याचा मुलगा त्यात बसत नाही. डीआरएम नाही याचा अर्थ वाटायला मोकळं असा नाही, आणि असले इन्स्टॉलर देणारी दुकानं मुळात थोडी आहेत, ती टिकावीत एवढं तरी आपण करू शकतो.

पुन्हा केलं तर काय वेगळं करू

घोषणा झाली त्या मंगळवारीच सगळ्यात आधी सेव्ह आणि मॉडची कॉपी घेऊ. अडीचशे एमबी, पाच मिनिटांचं काम. आमचं उलटं झालं, जे पुन्हा उतरवता येणार होतं त्यामागे आम्ही चार दिवस घालवले आणि जे जगात फक्त एका कॉम्प्युटरवर होतं ते शेवटच्या रात्री आठवलं. मॉडही धोक्यातच होता, मॉडवाल्याने १.० साठी नवीन टाकून जुना काढला असता तर पूल गेलाच होता.

मग इन्स्टॉलर, पण एका बैठकीत, सगळे तुकडे एकदम. मध्ये तुटलं आणि दिवस उलटला तर आधी व्हर्जन बदललं का ते बघायचं, बदललं असेल तर पहिल्यापासून. आणि रिलीजच्या आधीच्या आठवड्यात एक दोन फिक्स येणारच असं धरून चालायचं, म्हणजे शेवटी पुन्हा एकदा उतरवायची तयारी ठेवायची. ०.९.४ चा संच पूर्ण झाला असता तरी तो शेवटचा नव्हताच.

तिसरं, ज्या मशीनवर गेम आधी नव्हता तिथेच लावून बघायचं, नेट बंद करून. घरच्याच कॉम्प्युटरवर बघितलं असतं तर मॉड तिथे होतेच, पूल दिसला असता आणि आम्ही खुशीत झोपलो असतो.

एका बाबतीत मी अजून साशंक आहे. तो स्टुडिओला मेल टाकण्याचा पर्याय आम्ही उगाच मागे ठेवला का? पहिल्याच दिवशी टाकला असता तर कदाचित त्यांनी सगळ्यांसाठीच जुनं व्हर्जन ठेवलं असतं. माइनक्राफ्टचं २०१० चं एक अल्फा व्हर्जन जेमतेम काही तास उपलब्ध होतं, पुढे दहा वर्षं लोक शोधत होते, २०२१ ला सापडलं. तिथे शोधणारे हजारो होते. आमच्या गेमचं ०.९.५ आमच्याशिवाय अजून कोणाकडे असेल का, शंकाच आहे.

पोरगी आता १.० मध्ये नवीन गाव वसवतेय, त्यात दगडी पूल गेममध्येच आलाय, तिला तो आवडलेला नाही, कमानी चपट्या आहेत म्हणे. रविवारी लॅपटॉपवर जुनं गाव उघडतात. दिवाळीत गेलो तेव्हा माझ्या हार्ड डिस्कवरची कॉपी तिथे नेऊन हॅश पुन्हा ताडले, जुळले. पेन ड्राईव्ह मात्र तोच जुना आहे, बदलायचा म्हणतोय भाऊ, अजून बदललेला नाही.